दोन वाजताची नाडी

माझी जीभ तिखट आहे, हे आमच्या वॉर्डात सगळ्यांना ठाऊक आहे. पेशंटनं गोळी उशीखाली लपवली की मी आधी ओरडते आणि मग विचारते. नातेवाईक बेडवर पसरले की उठवते, मग ते कुणाचे कोण का असेनात. त्यामुळे चूक माझी निघाली तेव्हा काही जणींना आतून गुदगुल्या झाल्या असणार. होऊ देत. त्यांच्या जागी मी असते तर मलाही झाल्या असत्या.

लिंबायतपासून, म्हणजे गुजरातेतल्या आमच्या मराठी वस्तीपासून, रिक्षानं दहा मिनिटांवर आमचं हॉस्पिटल. तिथे मी पुरुषांच्या वॉर्डात स्टाफ नर्स. माझं लहानपण लिंबायतमध्येच गेलं. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आई घरी बसून साड्यांना लेस लावायची. घरात अहिराणी, शाळेत मराठी, दुकानात गुजराती आणि भांडायला हिंदी. लग्नानंतर कोसाडला राहायला गेले, पण पेशंट बरेचसे जुन्या वस्तीतलेच यायचे. त्यांच्याशी दोन शब्द अहिराणीत बोललं की ते मला लगेच ताई म्हणायचे, आणि मग माझं काही ऐकायचे नाहीत.

आमच्या वॉर्डात एक रीत होती, तिच्यापासून सांगायला हवं. दर चार तासांनी प्रत्येक पेशंटचा ताप, नाडी आणि बीपी बघून चार्टवर लिहायचं. सकाळी सहा, दहा, मग दुपारी दोन, मग सहा. आता गंमत अशी, की दोन वाजताच आमची पाळी बदलायची. घरी जाणारी म्हणायची, येणारी बघेल. येणारी म्हणायची, मी तर आत्ता आले. तो तास कुणाच्याच वाट्याचा नव्हता. मग तोडगा काय, तर सकाळपाळीची नर्स सव्वाबाराच्या सुमारास, जेवणाआधी, दोनचा रकाना भरूनच टाकायची. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. मी आले तेव्हा जुन्या सिस्टर करायच्या, मी त्यांचं बघून केलं, नव्या मुलींनी माझं बघून.

त्यातही एक कसब होतं बरं का! दहाची नाडी चौऱ्याऐंशी असेल तर दोनला पुन्हा चौऱ्याऐंशी लिहायची नाही, संशय येतो. ब्याऐंशी लिहायची. कुणाला एखादा अंश ताप चढवायचा, कुणाचा उतरवायचा. वीस बेडचा वॉर्ड मी सात मिनिटांत उरकायचे, आणि मला त्याचा चक्क अभिमान होता. ट्रेनिंगला असताना आमच्या ट्यूटर बाई सारख्या बजावायच्या, की केलेलं काम लिहिलं नाहीत तर कोर्टात ते केलंच नाही असं धरतात. न केलेलं लिहिलं तर काय धरतात, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तर त्या दिवसांत डेंग्यूची साथ होती. अकरा नंबरच्या बेडवर एक लूमवाला होता, पस्तिशीचा, धुळ्याकडचा, हाडकुळा. एरवी रातपाळी करायचा. प्लेटलेट सकाळी अठ्ठावीस हजारांवर आल्या होत्या. डॉक्टरांनी राउंडला माझ्याकडे बघून सांगितलं होतं, "याला बेडवरून हलू द्यायचं नाही. पडला, डोक्याला लागलं, तर आतल्या आत रक्त वाहील. आणि बीपी नीट बघा, याचं कधीही घसरेल." मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

सव्वाबाराला मी चार्टांचा गठ्ठा घेऊन निघाले तेव्हा त्याची सलाइनची बाटली नुकतीच संपली होती. तो म्हणाला, "सिस्टर, जरा नळी काढा ना. हात अवघडलाय, जेवून घेतो." मी नळी काढली, हातातली सुई तशीच ठेवून तिला बूच लावलं. मग त्यानं विचारलं, "किती वाजले?"

"समोर एवढं मोठं घड्याळ आहे, दिसत नाही का?" मी म्हणाले, आणि पुढच्या बेडकडे वळले.

त्याच्या चार्टवर दोनच्या रकान्यात मी लिहिलं: ताप नव्व्याण्णव, नाडी ब्याऐंशी, बीपी एकशे दहा-सत्तर, पेशंट आराम करतोय. खाली माझी सही. पेन खिशाला लावलं आणि डबा खायला गेले.

दोनच्या ठोक्याला दुपारच्या पाळीची मुलगी आली. आम्ही दोघी एकेका बेडपाशी उभ्या राहून पेशंट सोपवत निघालो. अकरा नंबर रिकामा. चादर नीट सारखी केलेली, डबा न उघडलेला. शेजारचा पेशंट म्हणाला, बाथरूमला गेला असेल. आम्ही पुढे गेलो. वीस नंबर संपवून परत आलो, तरी अकरा रिकामाच. बाथरूममध्ये बघितलं, तिथे कुणी नाही. त्याला फोन लावला, तर फोन त्याच्याच उशीखाली वाजला.

मी व्हरांड्यात जाऊन बघून आले, तिथेही नव्हता.

त्यात सव्वादोनला त्याची बायको आली. ती साड्यांच्या घड्या घालायच्या कामावर जायची, तिथून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन धापा टाकत आलेली. रिकामा बेड बघून तिनं मला विचारलं, "ताई, कोठे गयात?" ते कुठे गेले, एवढंच. तिला वाटलं एक्स-रेला वगैरे नेलं असेल. मी काय सांगणार, कपाळ?

मग जी पळापळ झाली! आमच्या इन्चार्ज बेननी, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य सिस्टरनी, पहिली गोष्ट केली ती त्याचा चार्ट उघडला. "दोन वाजता होता," त्या म्हणाल्या. "म्हणजे फार तर वीस मिनिटं झाली. एवढ्यात लांब जात नाही." चार्टवर लिहिलंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला. वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, गच्चीवर धावले, दुसरे जिन्यात, कँटीनमध्ये, औषधाच्या दुकानात. गेटवरचा वॉचमन शपथा घेत होता, "दो बजे के बाद कोई पेशंट बाहर नहीं गया, मेरी माँ कसम!" तो बिचारा खरंच सांगत होता आणि ऑफिसातले साहेब त्याला झापत होते. त्याची पाळी एकलाच सुरू झाली होती. आधीचा वॉचमन केव्हाच घरी गेलेला.

बायकोला एकच सुचत होतं. खात्यातल्या, म्हणजे लूमच्या कारखान्यातल्या, मुकादमाचे दोन दिवस फोन येत होते, की उठून ये, नाहीतर तुझी यंत्रं दुसऱ्याला देतो. "तिथंच गेले असतील," ती म्हणाली. "दोनला मुकादम जेवून परत येतो, त्याला गाठायला गेले असतील." खातं पांडेसऱ्याकडे. एक मामा मोटरसायकल काढून तिकडे सुटलेसुद्धा.

आणि मी? मी त्या सगळ्यांच्या मागे मागे फिरत होते. गच्चीचा जिना चढले, उतरले. तोंडाला कुलूप. मनात सारखं म्हणत होते, आता सापडेल, आता सापडेल, सापडला की कुणी विचारणार नाही. खरं सांगते, त्या वीस मिनिटांत मला त्याच्यापेक्षा माझी जास्त काळजी वाटत होती. नोकरी जाईल. नर्सिंग कौन्सिलकडे तक्रार गेली तर रजिस्ट्रेशन जाईल. मग घरी काय तोंड दाखवू? माझ्या बापानं लूमच्या खडखडाटात कान घालवून मला नर्सिंग शिकवलं होतं.

साहेबांनी आम्हाला खालच्या कॅमेऱ्याच्या खोलीत बोलावलं. इन्चार्ज बेन, ती बायको आणि मी. तिथल्या माणसानं गेटचं चित्र दोन वाजल्यापासून लावलं. आम्ही सगळे डोळे फाडून बघतोय. एक रिक्षा आली. एक म्हातारी काठी टेकत आत गेली. वॉचमननं जांभई दिली. दोन वाजून चार मिनिटं, दोन वाजून सहा. त्या बाईनं पदर तोंडात धरला होता आणि पडद्याच्या इतकी जवळ वाकली होती, की तिचं नाक काचेला टेकायचं राहिलं होतं. गेटातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ती बघायची आणि मान हलवायची, नाही म्हणून.

मला ते बघवेना. ती जिथे बघत होती तिथे तो असणारच नव्हता. हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

"बारापासून लावा," मी म्हणाले.

"बारापासून? का?" साहेब वळले.

"मी त्यांना दोनला बघितलेलंच नाही. चार्ट मी सव्वाबाराला भरून ठेवला. दोनची नाडी मी मनानं लिहिली आहे. शेवटचं बघितलं ते सव्वाबाराला, तेव्हा मी सलाइनची नळी काढली."

एका दमात बोलून टाकलं. इन्चार्ज बेननी माझ्याकडे असं बघितलं, की जमीन फाटली असती तर बरं. पण मला त्यांच्याकडे बघायला वेळच मिळाला नाही, कारण ती बाई किंचाळली.

"बारा? साडेबाराले पोरनी शाळा सुटस!"

मुलीची शाळा साडेबाराला सुटते! पुढचं तिनं रडत रडत सांगितलं. मुलगी पालिकेच्या मराठी शाळेत दुसरीत. रोज रातपाळी करून आलेला बाप झोप मोडून साडेबाराला तिला आणायला जायचा, एक दिवस चुकवायचा नाही. तो दवाखान्यात पडल्यापासून शेजारीण आणत होती. बाईनं तिथल्या तिथे शेजारणीला फोन लावला. शेजारीण बसमध्ये होती. नात्यात कुणी वारलं म्हणून सकाळीच नंदुरबारला निघाली होती. "मी भाऊंना सकाळीच फोन करून सांगितलं ना," ती म्हणत होती. "तुला कामावर फोन जवळ ठेवू देत नाहीत, म्हणून त्यांनाच केला."

तेवढ्यात कॅमेऱ्यावाल्यानं चित्र मागे नेलं होतं. बारा वाजून बावीस मिनिटांनी तो गेटातून बाहेर पडताना दिसला. एक हात रुमालात गुंडाळलेला. घाईत, पण पाय जरा वाकडे पडत होते.

म्हणून वेळ विचारत होता मेला! आणि मी त्याला घड्याळ दाखवलं.

पांडेसऱ्याकडे निघालेल्या मामांना फोन करून परत फिरवलं. मी आणि त्याची बायको रिक्षात बसलो. माझी ड्यूटी संपली होती, मला कुणी जा म्हटलं नाही आणि कुणी जाऊ नको म्हटलं नाही. रिक्षात ती बाई बाहेर डोकं काढून रस्ता बघत होती. मी बीपीचं यंत्र मांडीवर धरून बसले होते. मी बोलले नसते तर चार वाजले असते तरी आम्ही पांडेसऱ्यात शोधत बसलो असतो, हे सारखं डोक्यात येत होतं.

शाळा बंद झालेली. तिथून त्यांच्या घराकडे जाणाऱ्या गल्लीत वळलो, आणि एका बंद दुकानाच्या ओट्यावर तो दिसला. आडवा. डोकं मुलीच्या दप्तरावर. मुलगी शेजारी मांडी घालून बसली होती आणि वहीच्या पुठ्ठ्यानं त्याला वारा घालत होती.

दोन तास, बरं का! दोन तास लोक त्या ओट्यावरून जात-येत होते. गुजरातेत दारूबंदी आहे ना, त्यामुळे भरदुपारी रस्त्यात आडवा पडलेला माणूस दिसला की लोक चार हात लांबून जातात, नको ती पोलिसांची भानगड. रुमालाखालची सुई कुणाला दिसली नाही. एक सोडावाला तेवढा माणूस निघाला. त्यानं पोरीच्या हातात दोनदा लिंबू-मीठ घातलेला सोडा दिला होता आणि ती बापाला घोट घोट पाजत होती.

मी मनगट धरलं. नाडी लागली. बारीक, पळत असलेली, पण लागली. बीपी ऐंशीच्या जरा वर. डोकं चाचपलं, कुठे आपटलं नव्हतं. चक्कर आल्यावर शहाण्यासारखा बसला होता आणि मग आडवा झाला होता. त्यानं डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाला, "सिस्टर, येतच होतो."

मग माझा बांध फुटला. मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. अहिराणीत बोलले, म्हणजे मनापासून बोलले. बोलता बोलता रडत होते, रडता रडता त्याच्या सुईला चिकटपट्टी लावत होते. त्याची बायकोही रडत होती. पोरगी तेवढी शांत होती. तिनं मला विचारलं, "तुम्ही ह्यांना रागवताय का? ह्यांना बरं नाहीये."

साडेतीनला तो परत अकरा नंबरवर होता, दोन्ही हातांना सलाइन. डॉक्टर तासभर हलले नाहीत. पाचला बीपी शंभरावर गेलं, त्याला लघवीला झाली, आणि डॉक्टर म्हणाले, "आता ठीक. आणखी तासा-दोन तासांनी मिळाला असता तर मी काही सांगू शकलो नसतो." हुश्श! मी वॉर्डाच्या मागच्या जिन्यात जाऊन बसले आणि दहा मिनिटं नुसती बसले. जीव भांड्यात पडतो म्हणजे काय होतं, ते मला त्या पायरीवर कळलं. खूप भूक लागते.

तिथेच इन्चार्ज बेन आल्या. बाई वाईट नाहीत. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवणारी बाई. त्यांच्या हातात तो चार्ट होता आणि एक कोरा चार्ट. हळूच म्हणाल्या, "आ पानुं बदली नाख." हे पान बदलून टाक. "माणूस सापडला, जिवंत आहे, कुणाची तक्रार नाही. साहेबांना मी सांभाळते. नवीन पानावर सगळं उतरव, दोनचा रकाना कोरा सोड. तू एकटीच आहेस का? उद्या तुझ्या चार्टवर चौकशी लागली, तर सगळ्या वॉर्डाचे चार्ट निघतील. या पोरींचा विचार कर."

त्यांचं खोटं नव्हतं. पोरी अडकल्याच असत्या. मलाही ते कोरं पान घ्यावंसं वाटलं, अगदी हात पुढे झाला होता. पण मग ती बाई डोळ्यांसमोर आली, पडद्याला नाक लावून दोन वाजताच्या गेटात नवऱ्याला शोधणारी. आता एक खोटं पान झाकायला दुसरं पान लिहायचं, तर मग मी कॅमेऱ्याच्या खोलीत तोंड उघडलं ते कशाला?

"नाही बेन," मी म्हणाले. "आता नाही."

ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं केलं. पांढरा रंग फासला नाही, खोडरबर नाही. दोनच्या रकान्यावर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: ही नोंद मी पेशंटला न तपासता सव्वाबारा वाजता केली, ती चुकीची आहे. सही आणि आत्ताची वेळ. अक्षर बरं आलं.

पुढे व्हायचं ते झालं. लेखी खुलासा द्यावा लागला, ताकीद मिळाली, ती माझ्या फाइलमध्ये आहे. नोकरी राहिली. दोन-तीन जणी महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत, कारण सगळ्यांचेच चार्ट निघाले आणि सगळ्यांनाच कान धरून उभं राहावं लागलं. पण त्यातून एक झालं: दोनची तपासणी तीनवर गेली. इतकं सोपं होतं! तीन वाजता वॉर्डात कोण आहे हे पक्कं असतं, त्यामुळे तो तास कुणाचातरी असतो. इतकी वर्षं हे कुणाला सुचलं नव्हतं, मलाही नाही.

तो माणूस सहाव्या दिवशी घरी गेला. प्लेटलेट लाखाच्या वर, तोंडावर तजेला. बायको कपड्यांची पिशवी भरत होती, पोरगी बेडच्या दांड्याला लोंबकळत होती. त्या पाच दिवसांत मी त्याच्या बायकोची माफी मागितली होती. ती म्हणाली होती, "ताई, तुम्ही बोलला नसता तर?" एवढंच. त्यात माफ केलं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

मी डिस्चार्जचा कागद घेऊन गेले तर हा गालातल्या गालात हसतोय.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही सिस्टर. मामा सांगत होते. मी शाळेपाशी पडलो होतो आणि इकडे बेडवर माझी नाडी ब्याऐंशीनं चालू होती म्हणे. आमच्या लूमला असं जमत नाही बघा. माणूस गेला की यंत्र बंद."

शेजारचे दोन पेशंट खदाखदा हसले. त्याची बायकोही पदराआड हसली. मी लाल झाले असणार. एरवी असं कुणी बोललं असतं तर मी सोडलं नसतं, पण त्या दिवशी खरं तर मलाही हसूच येत होतं.

"हात आणा इकडे," मी म्हणाले.

"आता कशाला? आता तर घरी चाललो."

"आणा म्हणते ना!"

त्यानं हात पुढे केला. मी मनगटावर तीन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघितलं. एरवी आम्ही पंधरा सेकंद मोजतो आणि चारनं गुणतो. मी मिनिटभर मोजायचं ठरवलं. तो मध्येच काहीतरी बोलायला लागला तर मी म्हटलं, "गप्प बसा, मोजतेय." मग तो गप्प बसला, पोरगी दांड्यावरून खाली उतरली, आणि आम्ही सगळे त्या मिनिटभर तसेच थांबलो.

शहात्तर.

मी चार्ट उघडला, शहात्तर लिहिलं, आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं, अकरा वाजून एकवीस मिनिटं. तेव्हा तेवढेच वाजले होते.